शिळें अन्न आणि ताजा राग

नववर्षाच्या सुटींत क्योतो येथें आम्ही सहकुटुंब एका भोजनगृहांत मोठ्या आशेनें गेलों. समोर आले ते लाखेचे डबे. आंत गोड काळे सोयाबीन, खारवलेलीं माशांचीं अंडीं, आणि सारेंच थंड! इतके दाम मोजून शिळें कां, म्हणून वाढणाऱ्या बाईंस आम्ही कठोर बोललों. मागाहून समजलें कीं, हें 'ओसेचि' वर्षारंभापूर्वींच रांधून ठेवतात. सणाचे पहिले तीन दिवस गृहिणीस चुलीपासून विसांवा मिळावा, हाही त्यांतील एक हेतु. शिळासप्तमीस आमच्याच घरीं चूल पेटत नाहीं, याचें स्मरण आम्हांस तेव्हां झालें. तें जेवण रुचलें नाहीं, हें आजही खरें. न रुचणें हा कोणाचाच दोष नव्हे. परंतु तेवढ्यावरून दुसऱ्यास दोषी ठरविणें हा आमचा दोष होय, आणि तो दाम देऊन फिटत नाहीं.