दारावरची नोंदवही

संगणकांच्या जाळ्यात प्रवेश देणारी व्यवस्था प्रत्येकाला तीन प्रश्न विचारते : तू कोण? तुला कोठवर जाण्याची अनुमती आहे? तू केव्हा आलास आणि किती वेळ थांबलास? अनेक महाविद्यालयांत व कार्यालयांत हे काम ‘रेडियस’ नावाच्या पद्धतीने चालते. तिच्या २००० साली प्रसिद्ध झालेल्या नियमांत ओळख व अनुमती यांचे नियम एका दस्तऐवजात आहेत, नोंदींचे दुसऱ्या. हा भेद नीतीच्या दृष्टीनेही महत्त्वाचा आहे.

पहिल्या दोन प्रश्नांविषयी वाद नसावा. घराला कुलूप लावल्याने कोणाचा अवमान होत नाही. प्रत्येक जण आपल्या अखत्यारीतील लोकांविषयी उत्तरदायी आहे, ही प्रेषितांची (स.) शिकवण आहे. मुलांना अश्लीलतेपासून दूर ठेवणे हे पालकांचे कर्तव्यच होय.

कसोटी तिसऱ्या प्रश्नाची आहे. नोंद ठेवणे हे मुळात पाप नव्हे. फसवणूक झाल्यास तीच निरपराध्याची साक्ष ठरते. ‘सर्ट-इन’च्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार भारतातील संस्थांना संगणकीय नोंदी १८० दिवस जपाव्या लागतात. परंतु जपणे वेगळे आणि चाळणे वेगळे. काही उपकरणे पाहिलेल्या संकेतस्थळांचीही नोंद ठेवतात. एखादी विद्यार्थिनी रात्री आपल्या आजाराविषयी वाचत असेल, तर नोंदीत स्थळ व वेळ दिसते, तिची व्यथा दिसत नाही. ती उणीव पाहणारा स्वतःच्या संशयाने भरून काढतो. सूरह अल्-हुजुरातच्या एकाच आयतीत (४९:१२) अतिसंशय, टोह घेणे आणि पाठीमागे निंदा करणे या तिन्हींची मनाई आली आहे. विनाकारण नोंदी चाळणारा याच पायऱ्यांनी खाली उतरतो.

म्हणून नोंदवही ही अमानत समजावी. ती ठेवली जाते, हे संबंधितांना आधीच सांगावे. ठोस कारण घडल्याविना ती उघडू नये, उघडल्यास त्या कारणापुरतीच पाहावी, आणि मुदत संपताच नष्ट करावी. घरातही हाच न्याय लावावा. लहान मुलांसाठी नियम उघडपणे घालावेत. जाणत्या मुलाच्या मोबाइलवर गुपचूप पाळत ठेवली, तर तो वडिलांची नजर चुकविण्यास शिकतो. अल्लाहच्या नजरेची जाणीव त्याच्या मनात रुजतच नाही.

ज्यांच्या हाती या नोंदींची किल्ली आहे, त्यांनी एवढे स्मरणात ठेवावे की त्यांच्या प्रत्येक कृतीचीही नोंद होत आहे, आणि तिचा हिशेब द्यावयाचा आहे.