सौंदर्यावरचा हक्क

साताऱ्याजवळच्या कासच्या पठारावर जांभ्या खडकावर मातीचा जेमतेम पातळ थर. पण भाद्रपदात त्यावर सीतेच्या आसवांचे जांभळट-निळे ताटवे फुलतात. २०१२ साली पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात हे पठारही गणले गेले. चांगल्या छायाचित्रासाठी वाटेबाहेर एक पाऊल टाकले, तर काय बिघडले, असे आपणांस वाटते. पण मागून येणाराही तेवढे एकच टाकतो! चित्रात फुललेली फुले येतात. तुडवलेली टाचेखालीच राहतात. एखादी गोष्ट आवडली, एवढ्याने तिच्यावर हक्क पोचत नाही. उलट तिची राखण अंगावर येते. तेथली टोपली कारवी फुलण्यासाठी सात वर्षे थांबते. आपणांस दोन हात दूर थांबता येऊ नये काय?