हाताच्या अंतरावरचं गाणं

ठाण्यातल्या वर्तकनगरहून लोअर परळला गाणं ऐकायला जायचं म्हणजे आधी रिक्षा, मग ठाण्याहून धीमी लोकल, करी रोडला उतरून पूल ओलांडायचा आणि मथुरादास मिलचं आवार गाठायचं. गिरणीच्या जुन्या गोदामात 2007 ते 2016 या काळात ‘ब्लू फ्रॉग’ हा क्लब होता. ‘पेंटाग्राम’ हा माझा आवडता बँड मी तिथे पहिल्यांदा समोर उभं राहून ऐकला.

गाणी मला आधीच पाठ होती. तरी त्या रात्री ती नव्याने कळली. पापल माने यांचा बेस कानाआधी छातीत पोचत होता. शिराझ भट्टाचार्य यांची काठी झांजेवर पडण्याआधी वर गेलेलं मनगट दिसत होतं. दोन गाण्यांच्या मधल्या शांततेत रँडॉल्फ कोरिया वाकून तार जुळवून घेत, आणि तेवढा वेळ सगळी खोली श्वास धरून थांबे. रेकॉर्डवर गाणं तयार होऊन आलेलं असतं. इथे ते डोळ्यांसमोर घडत होतं, आणि आपल्या ऐकण्याचाही त्यात हात होता.

बँडचे गायक विशाल ददलानी यांच्या सिनेमातल्या चाली देशभर वाजतात. तरीही 1994 पासूनचा हा बँड त्यांनी लहान लहान खोल्यांमधून गाता ठेवला. सिनेमाच्या गाण्याला कथेची, नटाची, निर्मात्याची गरज सांभाळावी लागते. बँडच्या गाण्यावर असा कुणाचाच हक्क नसतो. अशा स्वतंत्र संगीताला ‘इंडी’ म्हणतात; त्या शब्दाचा मला समजलेला अर्थ एवढाच आहे.

मराठी माणसाला ही गोष्ट परकी वाटू नये. त्याच्याकडे यासाठी ‘प्रायोगिक’ हा शब्द कधीपासूनचा आहे. दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात ‘आविष्कार’ या नाट्यसंस्थेने 1974 पासून नाटकं केली. अरविंद आणि सुलभा देशपांडे, अरुण काकडे यांनी जपलेली ती जागा म्हणजे शाळेचा एक साधा हॉल. पण ती परवडणारी होती, पुन्हा पुन्हा मिळत होती, आणि प्रेक्षक नटांच्या इतके जवळ बसत की खोटं लपत नसे. फसलेल्या प्रयोगानंतर दुसरा प्रयोग करायची मुभा त्या हॉलने दिली. मराठी रंगभूमीची एक अख्खी पिढी त्या मुभेवर उभी राहिली.

म्हणून मला वाटतं, कलेला कलावंत आणि रसिक लागतात तशी खोलीही लागते. मैदानावरचा महोत्सव नावारूपाला आलेल्यांना बोलावतो. नाव होण्याआधीची वर्षं मात्र लहान खोलीतच काढावी लागतात.

ठाण्याकडे जागा नाहीत असं नाही. गडकरी रंगायतन 1978 पासून आहे. घाणेकर नाट्यगृहात मुख्य सभागृहासोबत लघुप्रेक्षागृह आहे. उपवन तलावाच्या काठावर कलामहोत्सव भरतात. पोखरण रोडवरची रेमंडची गिरणी बंद झाली आणि त्या जमिनीवर आता टॉवर उभे आहेत. तिथे राहायला आलेल्या हजारो घरांत गिटार शिकणारी मुलं आहेत. ठाण्यातल्या या सभागृहांपैकी एखादी लहान जागा महिन्यातून एक संध्याकाळ, परवडणाऱ्या भाड्यात, नाव नसलेल्या बँडसाठी राखून ठेवली तर? पहिल्या महिन्यात पंधरा माणसं येतील. पुढच्या महिन्यातही ती जागा त्यांच्यासाठी उघडी असली पाहिजे, सगळं महत्त्व त्यालाच आहे.

आमच्या खालच्या मजल्यावर एक मुलगा संध्याकाळी खिडक्या बंद करून, भिंतीला गादी टेकवून गिटार वाजवतो. शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून आवाज बारीक ठेवतो. जिन्यातून जाताना मी क्षणभर थांबतो. एका अवघड जागी तो रोज अडतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो. हे त्याला कुणाच्या तरी समोर करता यायला हवं, आणि तेही करी रोडपर्यंत न जाता.