एका मिनिटाचा अधिकार

13 मार्च 1948 च्या रात्री मॉन्ट्रिऑलच्या फोरम क्रीडागृहात न्यूयॉर्क रेंजर्सचा एक नवा खेळाडू जवळजवळ सगळा सामना बाकावर बसून होता. तिसऱ्या आणि शेवटच्या सत्रात त्याला बर्फावर पाठवले आणि मिनिटभराने परत बोलावले. लॅरी क्वाँग हे त्याचे नाव. नॅशनल हॉकी लीगमध्ये खेळलेला चिनी वंशाचा हा पहिला खेळाडू, आणि त्या लीगमधली त्याची कारकीर्द तेवढीच. आइस हॉकीत मिनिटभराची पाळी नवलाची नाही. फळ्या सारख्या आतबाहेर होत असतात आणि एकेकाची पाळी सामन्यात कितीतरी वेळा येते. क्वाँगची दुसरी आलीच नाही. फळाची आस न धरता कर्म करावे, हे आपण गीतेचा हवाला देऊन उठताबसता सांगतो. ज्याच्या हातून फळ निसटले त्याला या शिकवणीचा आधार मोठा. पण ज्याच्या वाट्याला कर्मच येऊ दिले नाही, त्याला ती काय सांगणार? माझ्या मते त्याला सांगण्यासारखे तिच्यापाशी फारसे नाही. जे आहे ते बाकावर कोणी बसायचे हे ठरवणाऱ्याला उद्देशून आहे.

त्याची लायकीच नसेल, असे म्हणून हा प्रश्न उडवून लावता येईल. संघात जागा मोजक्या, लीगमध्ये तेव्हा संघ अवघे सहा, आणि एका सामन्यावर परत गेलेले गोरे खेळाडूही होतेच. हे सगळे खरे. प्रशिक्षकाच्या मनात त्या रात्री काय होते, याची झडती घेण्याचेही कारण नाही. मात्र नालायक ठरवण्याआधी परीक्षा घ्यावी लागते, आणि मिनिटाला परीक्षा म्हणता येत नाही. तो रेंजर्सच्या हाताखालच्या रोव्हर्स संघातून आला होता आणि त्या हंगामात त्या संघात सर्वाधिक गुण त्याचेच होते. त्यामागची पार्श्वभूमीही विसरून चालत नाही. क्वाँग ब्रिटिश कोलंबियातल्या व्हर्ननमध्ये 1923 साली जन्मला. त्याच वर्षी कॅनडाने चिनी लोकांना देशाची दारे जवळपास बंद करणारा कायदा केला. त्याच प्रांतातल्या ट्रेल गावच्या संघात असताना सहकाऱ्यांना तिथल्या धातू गाळण्याच्या कारखान्यात नोकऱ्या मिळाल्या. याला मिळाली नाही, म्हणून हॉटेलात सामान उचलण्याचे काम धरले.

याहून अवघड आक्षेप वेदान्ती मनाचा आहे. खरा कर्मयोगी मैदान कोणते ते पाहत नाही. एक दार लागले तर दुसऱ्या दारी तेवढ्याच निष्ठेने राबतो. क्वाँगने नेमके हेच केले. रेंजर्स सोडून तो क्वेबेकमधल्या व्हॅलीफील्डकडून प्रशिक्षक टो ब्लेकच्या हाताखाली खेळला, 1951 मध्ये तिथल्या लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, पुढे स्वित्झर्लंडमध्ये प्रशिक्षक झाला. म्हणजे शिकवण खरीच ठरली की! ठरली, पण त्याच्यापुरती. फळाची आशा सोड, हा उपदेश कर्त्याने स्वतःला करायचा असतो. दाराशी उभ्या असलेल्याने तोच दुसऱ्याला ऐकवला, की तो साधना न राहता सबब होतो. आपल्याकडे क्रिकेटमध्ये पळवणकर बाळूंसारख्या गोलंदाजाला जातीपायी हिंदू संघाचे कप्तानपद मिळाले नाही. कप्तानपद म्हणजे फळ, गोलंदाजी पुरे, असे तेव्हा कोणी म्हटले असते तर तर्क बिनचूक वाटला असता. तो बिनचूक वाटतो, यातच त्याची लबाडी आहे.

उरतो प्रारब्धाचा मुद्दा. पूर्वकर्माने क्वाँगचा जन्म कुठे, कोणाच्या पोटी झाला हे एक वेळ समजावता येईल. पण त्याला बाकावर बसवून ठेवणे हे कोणाचे प्रारब्ध नव्हते. ते त्या रात्री, त्या ठिकाणी, जिवंत माणसाने घडवलेले क्रियमाण कर्म होते, आणि कर्मसिद्धान्त प्रामाणिकपणे वापरायचा तर त्याचा हिशेब त्या माणसाच्या खात्यावर मांडावा लागेल. नोंदवहीत मात्र खाते क्वाँगच्याच नावावर आहे: सामने 1, गोल 0. मिनिटांचा रकाना तिथे नाही.