पावलांचा हिशेब

धसईकर वाचकांस १ डिसेंबर २०१६ हा दिवस आठवत असेल. नोव्हेंबरांत पांचशेंच्या व हजाराच्या नोटा रद्द झाल्या होत्या, आणि त्या दिवशीं तेव्हांचे राज्याचे अर्थमंत्री सुधीर मुनगंटीवार यांच्या हस्तें धसई हें महाराष्ट्रांतील पहिलें रोकडरहित गांव म्हणून जाहीर झालें. वडापावाचे पैसेहि कार्डानें देतां येतात, अशी बातमी देशभर गेली. पुढें काय झालें तें सर्वांस ठाऊक आहे. यंत्रें आलीं, पण हाताची संवय एका दिवसांत बदलली नाहीं, आणि पुष्कळ व्यवहार पुन्हा रोखीनें होऊं लागले. ह्यांत गांवाचा दोष आम्हांस दिसत नाहीं. समारंभानें यंत्र येतें. संवय आपल्या पायानें, सावकाश येते.

आतां मोबाईलांत दुसऱ्याच प्रकारचीं साधनें आलीं आहेत. कोणी पावलें मोजतें, कोणी पाणी पिण्याची आठवण देतें, कोणी झोपेचा हिशेब ठेवितें. आमच्या परिचयाच्या एका शिक्षकांनीं असें एक ॲप घेऊन चाळीस दिवस न चुकतां चालण्याचा नेम पाळिला. एकेचाळिसाव्या दिवशीं आईस ताप भरला. ते तिच्या उशाशीं बसून राहिले. दुसऱ्या दिवशीं पाहतात तों चाळिसाचें शून्य झालेलें! त्यांचें मन इतकें खट्टू झालें कीं चालणेंच सुटलें. आम्हांस त्यांनीं विचारिलें, "मी नेम मोडला काय?" प्रश्न दिसतो लहान, पण त्यांत दोन गोष्टींची गल्लत आहे. हिशेब ठेवणें निराळें आणि निवाडा देणें निराळें. यंत्रानें एक दिवस चालणें झालें नाहीं एवढें लिहिलें. मनुष्य हरला हें त्यांनीं स्वतःच त्यांत वाचलें.

अमेरिकेंतील मुत्सद्दी बेंजामिन फ्रँकलिन ह्यांनीं अठराव्या शतकांत असाच हिशेब एका लहानशा वहींत ठेविला होता. तेरा सद्गुण निवडून, जो चुकेल त्याच्या रकान्यांत ते काळा ठिपका देत, आणि दर आठवड्यास एकाच गुणाकडे विशेष लक्ष पुरवीत. ठिपके खोडून खोडून कागदास भोंकें पडलीं, तेव्हां तो तक्ता त्यांनीं हस्तिदंती पानांवर उतरविला. आत्मचरित्रांत ते मोकळेपणानें कबूल करितात कीं पूर्णता आपणांस कधींच साधली नाहीं, व्यवस्थितपणाच्या गुणानें तर फारच छळिलें. तथापि प्रयत्नच केला नसता तर जसे राहिलों असतों त्याहून आपण बरे झालों. पुढें पुढें ती तपासणीहि सुटली, पण वही ते जवळ बाळगीत.

एकवीस दिवसांत संवय जडते, असें जिकडेतिकडे सांगतात. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजांतील फिलिपा लॅली व त्यांचे सहकारी ह्यांनीं ९६ माणसांची पाहणी करून २०१० सालीं ती प्रसिद्ध केली. संवय अंगीं मुरण्यास कोणास १८ दिवस, तर कोणास २५४ दिवस लागावे असा अंदाज निघाला. मधला आंकडा ६६. एखादा दिवस चुकल्यानें फारसें बिघडत नाहीं, असेंहि त्यांस आढळलें. दहा हजार पावलांची कथा तर अधिक गमतीची. १९६५ च्या सुमारास जपानांत यामासा कंपनीनें पावलें मोजण्याचें यंत्र विकावयास काढलें, त्याच्या नांवांतच तो आंकडा होता; वैद्यांनीं तो ठरविला नव्हता. अमेरिकेंतील वयस्क स्त्रियांची एक पाहणी २०१९ सालीं प्रसिद्ध झाली. तींत रोज सुमारें ४,४०० पावलें चालणाऱ्यांतहि, अगदीं थोडें चालणाऱ्यांपेक्षां मृत्यूचें प्रमाण कमी दिसलें, आणि सुमारें ७,५०० च्या पुढें अधिक लाभ दिसला नाहीं.

आणि यंत्रास सर्व दिसतें तरी कोठें? भातसा व तानसा ह्या धरणांचें पाणी मुंबईस जातें, आणि त्याच शहापूर तालुक्यांतील कित्येक पाड्यांवर उन्हाळ्यांत बायका डोक्यावर हंडे घेऊन लांब लांब जातात. मोबाईल घरीं राहिला, तर त्या दिवशीं त्यांचीं पावलें शून्य! आवणीच्या चिखलांत दिवसभर वांकलेला मनुष्य यंत्राच्या लेखीं आळशी ठरतो. उलट आमचे एखादे उपदेशक बंधु मोटारसायकलीवरून खाचखळग्यांतून गेले, तर त्यांच्या खिशांत थोडीं पावलें फुकट जमा होणें अशक्य नाहीं.

म्हणून ॲप टाकून द्यावें असें आम्ही म्हणत नाहीं. ज्याचें दिवसाचें काम बैठें आहे, ज्यास मधुमेह जडला आहे, त्यास आठवण देणारा कोणी असणें हिताचें आहे; औषधाचा प्रश्न मात्र डॉक्टरांस विचारावा, मोबाईलास नव्हे. एका वेळीं एकच संवय धरावी, आणि ती रोजच्या एखाद्या कामास जोडावी. जसें, सायंकाळचा चहा झाला कीं चालावयास निघावें. आंकडा आपल्या दिवसास शोभेल असा ठेवावा. शेतीच्या दिवसांत तो उतरवावा, त्यांत लाज नाहीं. दिवसांची साखळी मोजण्यापेक्षां आठवड्यांत किती वेळां चाललों तें पाहावें. साखळी तुटण्याची भीति घालणें हा पुष्कळ वेळां आपणांस त्या ॲपाकडे पुन्हा पुन्हा बोलाविण्याचा व्यापारी उपाय असतो, हेंहि ध्यानांत असावें.

त्या शिक्षकांस आम्हीं हेंच कळविलें. त्यांची आई आतां बरी आहे. शाळा सुटल्यावर ते नाक्यापर्यंत जाऊन येतात. मोबाईल कधीं बरोबर असतो, कधीं नसतो.