मलखांबावरून उतरल्यानंतर

जिम्नॅस्टचा खेळाचा काळ लवकर सुरू होतो आणि लवकर सरतो. सहाव्या-सातव्या वर्षी अंग लवचिक असते आणि पडण्याची भीती कमी असते, म्हणून पाया त्याच वयात घातला जातो. नादिया कोमानेचीने १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये पूर्ण दहा गुण मिळवले तेव्हा ती अवघी १४ वर्षांची होती. पुढे किमान वय १६ झाले, तरी पंचविशी-तिशीपर्यंत बहुतेकींचा खेळ थांबतो. आठ ऑलिंपिक खेळलेली ओक्साना चुसोविटिना हा अपवादच. म्हणजे खेळ संपतो तेव्हा आयुष्याचा मोठा भाग अजून पुढे असतो. समर्पणाचा विचार करताना ही उरलेली वर्षेही हिशेबात धरावी लागतात.

समर्पण म्हणजे काय, हे मलखांबावर स्पष्ट दिसते. सागवानी किंवा शिसवी खांबाला एरंडेल लावतात आणि त्यावर केवळ अंगाच्या पकडीने चढायचे असते. नवख्याच्या मांड्या सोलतात, हात घसरतात. अढी, म्हणजे खांबाभोवतीची पायांची पकड, बसायलाच कित्येक दिवस जातात. फिरकी, ताजवा, दसरंग हे प्रकार त्यानंतर येतात. स्पर्धेतला संच मिनिट-दीड मिनिटात आटोपतो, पण त्यामागे वर्षानुवर्षांच्या पहाटा असतात. त्यांतली एखादी पहाट कंटाळवाणी, दुखरी असली तरी ती टाळायची नाही, हा खरा अभ्यास. पदक मिळो वा न मिळो, ही सवय खेळाडूजवळ राहते.

यशाचे मोजमाप करताना मात्र समाज पदकापाशीच थांबतो. आगरताळ्याच्या दीपा कर्माकरचे तळपाय सपाट होते, आणि अशा पायांनी जिम्नॅस्टिक्स जमत नाही, असे तिला लहानपणी सांगितले गेले होते. तिने प्रोदुनोव्हा ही जगातील अत्यंत धोकादायक व्हॉल्ट साध्य केली. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये १५.०६६ गुणांसह ती चौथी आली, कांस्यपदक ०.१५० गुणांनी हुकले. पुढे गुडघ्याची दुखापत आली, शस्त्रक्रिया झाली, उत्तेजक चाचणीत दोषी आढळल्याने २१ महिन्यांची बंदीही आली. तरीही मे २०२४ मध्ये ताश्कंदच्या आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत तिने व्हॉल्टचे सुवर्ण जिंकले आणि ऑक्टोबरमध्ये, ३१ व्या वर्षी, निवृत्ती जाहीर केली. रिओतले चौथे स्थान अपयश मानले, तर ही सगळी वाटचाल निरर्थक ठरवावी लागेल. ती तशी नाही, कारण रिओच्या त्या दिवसानंतर भारतात जिम्नॅस्टिक्स शिकणाऱ्या मुलीला आपण कुठवर जाऊ शकतो हे दिसले.

दीपाच्या मागे बिश्वेश्वर नंदी हे प्रशिक्षक उभे होते, आणि ते स्वतः माजी जिम्नॅस्ट. खेळ थांबल्यावर ते मैदानातच राहिले, म्हणून दीपा घडली. खेळाडूने मिळवलेली विद्या पुढच्या पिढीला देणे, हे खेळानंतरच्या आयुष्याचे सर्वांत सार्थ रूप आहे. महाराष्ट्रात मलखांबाच्या विद्येची अशी परंपरा जुनी आहे. मल्लस्तंभाचा, म्हणजेच मलखांबाचा, उल्लेख बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ या ग्रंथात सापडतो. तो कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याचा ग्रंथ. पेशवाईच्या अखेरीस दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी ही विद्या नव्याने उभी केली आणि त्यांच्या शिष्यांनी ती गावोगावी नेली. १९१४ चे अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ आणि १९२५ चे दादरचे श्री समर्थ व्यायाम मंदिर या संस्थाही अशाच शिकवणाऱ्या हातांवर टिकल्या. समर्थ व्यायाम मंदिराचे उदय देशपांडे यांनी अंध आणि अनाथ मुलांनाही मलखांबावर चढवले. २०१९ मध्ये पहिली जागतिक मलखांब स्पर्धा शिवाजी पार्कवर झाली आणि २०२४ मध्ये देशपांडे यांना पद्मश्री मिळाली.

परंतु परंपरेने पोट भरत नाही. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक पदक मिळवून देणारे पैलवान खाशाबा जाधव पुढे पोलिसात नोकरीला लागले; अर्जुन पुरस्कार त्यांना मरणोत्तर मिळाला. आज परिस्थिती सुधारली आहे. राज्याच्या शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे, दहावी-बारावीला सवलतीचे गुण आहेत. यामुळे घर चालते, हे मोठेच काम आहे. तरीही प्रमाणपत्र दाखवून कार्यालयात बसलेल्या खेळाडूची वीस वर्षांची विद्या तिथे कोणाच्याच उपयोगी पडत नाही. चाकरीबरोबर संध्याकाळचे दोन तास आखाड्यावर शिकवण्याची मुभा आणि त्याचे रास्त मानधन मिळाले, तर खेळाडू आणि खेळ दोघेही तगतात.

यासाठी महागड्या संकुलांची वाट पाहावी लागत नाही. जिम्नॅस्टिक्सची आधुनिक साधने खर्चिक असतात. मलखांबाला मात्र एक खांब, एरंडेल, खाली जाड गादी आणि जाणता शिक्षक एवढे पुरते. तालमी तर आहेतच. सोलापूरचेच उदाहरण घ्या: तिथे पाणीवेस तालीम, पत्रा तालीम, थोरला मंगळवेढा तालीम ही नावे आजही प्रत्येकाच्या तोंडी आहेत. गणेशोत्सवाच्या आधी गल्लोगल्ली लेझीमचा सराव चालतो, तेव्हा शेकडो पोरांची पावले एका ठेक्यावर पडतात. शिस्तीने अंग घडवण्याची ओढ या शहरात आहे. ती उत्सवापुरती न राहता बारमाही व्हावी, यासाठी तालमीत रोज उभा राहणारा माजी खेळाडू हवा.

खेळाडूनेही निवृत्तीची तयारी खेळत असतानाच करावी. शिक्षण सोडू नये, दुखापतीकडे दुर्लक्ष करू नये, आणि लहानग्यांना अढी घालून दाखवण्याची सवय पहिल्यापासून लावून घ्यावी. खांबावरून उतरताना उडी कुठे पडणार, हे वर असतानाच ठरलेले असते.