कात आणि पंख

न्यू गिनी या प्रचंड बेटाच्या पश्चिमार्धात, आज इंडोनेशियाच्या अंमलाखाली असलेल्या पापुआ मुलखात, पर्वतश्रेणींच्या उदरी समुद्रसपाटीपासून सुमारे १६०० मीटर उंचीवर बालिएम नदीचे विस्तीर्ण खोरे पसरलेले आहे. आणि त्या खोऱ्यात, वामेना या मुख्य ठाण्याच्या उत्तरेस, कुरुलू भागात जिविका नावाचे एक लहानसे गाव आहे. मराठी कानाला या नावात आपल्या ‘जीविके’चा भास होतो. हे निव्वळ ध्वनिसाम्य आहे, हे जाणूनही तो भास माझ्या मनातून जात नाही. कारण त्या मुलखातील दानी लोकांनी जगण्यामरण्याचा जो हिशेब मांडला, त्याच्याशीच माझे मन, पुस्तके आणि एकदोन चित्रपट एवढ्या तुटपुंज्या साधनांनिशी का होईना, दीर्घकाळ गुंतून राहिले आहे.

१९३८ साली रिचर्ड आर्चबोल्ड या अमेरिकन संशोधकाच्या मोहिमेने विमानातून हे मोठे खोरे पाहिले, तेव्हा खाली निबिड अरण्य नव्हते. होती ती नीट आखलेली शेते, रताळ्यांचे उंच वाफे आणि त्यांच्यामधून खणलेले पाण्याचे चर. चरांतला गाळ उपसून वाफ्यांवर चढवायचा, ही तेथील जुनी वहिवाट. आपण एकादशीला जे कंद उकडून खातो, तेच त्यांचे नित्याचे अन्न आणि त्यांच्या डुकरांचेही. वस्ती म्हणजे कुंपणाने वेढलेले एक अंगण: प्रवेशद्वारासमोर अगदी टोकाला पुरुषांचे वर्तुळाकार, गवताने शाकारलेले घर, बाजूंना स्त्रियांची तशीच गोल घरे, एक लांबट स्वयंपाकघर आणि डुकरांचा गोठा. पुरुषांच्या घरात पूर्वजांशी निगडित असे पवित्र पाषाण जपून ठेवलेले असत.

हे लोक आपल्या मृतांना आपल्यासारखाच अग्नी देत. प्रेताला अंगणात लाकडी आसनावर बसवीत, त्याच्या अंगावर कवड्यांचे पट्टे आणि विणलेल्या जाळ्या चढवीत, डुकरे मारीत, दिवसभर शोक करीत आणि मग चिता पेटवीत. परंतु क्वचित एखाद्या थोर पुरुषाचा देह ते जाळीत नसत; तो चुलीच्या धुरावर वाळवून, गुडघे छातीशी घेतलेल्या स्थितीत, घरातच राखून ठेवीत. जिविकेत असा एक देह आजही आहे, धुराने काळाठिक्कर पडलेला. सर्वांना भस्म करणाऱ्या समाजाने एकालाच का राखावे, या प्रश्नाचे उत्तर शोधू लागलो म्हणजे त्यांची एक पुराणकथा वाटेत येते.

आरंभी पक्षी आणि सर्प यांच्यात शर्यत लागली. मनुष्याने सर्पाप्रमाणे कात टाकून चिरकाल जगावे, की पक्ष्याप्रमाणे मरावे, याचा निवाडा त्या शर्यतीवर अवलंबून होता. पक्षी जिंकला. १९६१ साली हार्वर्ड विद्यापीठाच्या पीबॉडी संग्रहालयाची जी मोहीम कुरुलू भागात राहिली, तिच्यातील रॉबर्ट गार्डनर यांनी आपल्या ‘डेड बर्ड्‌स’ या चित्रपटाचा आरंभ याच कथेने केला आहे. मला या कथेत जे विलक्षण वाटते ते हे, की तीत मृत्यू कोणाच्या पापाचे फळ नाही, ईश्वराचा कोप नाही आणि अज्ञानही नाही. एक निकाल लागला, तो आपल्याविरुद्ध गेला, इतकेच.

सर्पाची कात आपल्यालाही परकी नाही. बृहदारण्यकोपनिषदात याज्ञवल्क्य जनकाला सांगतात, की वारुळावर टाकलेली कात जशी निर्जीव पडून राहते, तसे हे शरीर पडून राहते, आणि त्यातून निघून गेलेले तत्त्व मात्र अमृत असते. दृष्टान्त एकच, पण त्याची दिशा किती भिन्न! याज्ञवल्क्यांची दृष्टी कातीवरून उठून निघून जाणाऱ्याकडे वळते. दानी माणसाला हवा आहे तो कात टाकून झाल्यावरही येथेच, याच वाफ्यावर, याच चुलीपाशी उरणारा सर्प. आपल्या संतांच्या वाणीत पक्षी हा देहाचा पिंजरा सोडून उडणारा जीव आहे आणि त्याच्या उडण्यात मुक्ती आहे. त्यांच्या कथेत पक्ष्याचा विजय हाच मनुष्याचा पराभव आहे.

यापुढची त्यांची कल्पना मला अधिक महत्त्वाची वाटते. प्रत्येक मनुष्याच्या उरोस्थीच्या खाली ‘एताई-एकेन’ वसते, असे ते मानीत; या शब्दाचा अर्थ ‘गाण्याचे बीज’ असा सांगतात. नवजात अर्भकाला ते नसते. मूल चालूबोलू लागते तसतसे ते वाढते, आणि आजाराने किंवा आप्ताच्या मृत्यूने ते आकसून पाठीच्या कण्याकडे मागे सरते. गीतेच्या दुसऱ्या अध्यायावर पोसलेल्या आमच्या मनाला आत्मा म्हणजे शस्त्राने न तुटणारा आणि शोकाने न भिजणारा, असे बाळपणापासून शिकविलेले असते. येथे मात्र माणसाच्या अंतर्यामी जे श्रेष्ठ आहे तेच शोकाने घायाळ होते आणि विधींनी, डुकराच्या प्रसादाने, सोयऱ्याधायऱ्यांच्या संगतीने त्याला पुन्हा जागेवर आणावे लागते. वेदान्त शोकाकुलाला सांगतो, की तुझे काही गेलेलेच नाही. दानी म्हणतो, की तुझे गेले आहे खरे, आम्ही जवळ बसतो. पुत्रशोकाने खचलेल्या घरात मी दोन्ही प्रकारची माणसे पाहिली आहेत, आणि त्या पहिल्या दिवसांत दुसऱ्या प्रकारचीच कामी आली, असे मला प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

तथापि या शोकविधीचे एक अंग असे आहे, की त्याचे समर्थन करणे मला शक्य नाही. मृताच्या पिशाचाला संतुष्ट करण्यासाठी आप्तांतील लहान मुलींच्या बोटांची पेरे पाषाणाच्या वाकसाने तोडीत. ही प्रथा पुढे बंद पडली, पण थोट्या बोटांच्या वृद्धा त्या खोऱ्यात पुढेही दीर्घकाळ दिसत राहिल्या. ज्या महाराष्ट्रात केशवपनाविरुद्ध आगरकरांना लेखणी झिजवावी लागली, त्या महाराष्ट्रातील मनुष्याने येथे आश्चर्य व्यक्त करू नये. मृताचे देणे स्त्रीच्या देहातून वसूल करण्याची तजवीज दोन्ही मुलखांत, एकमेकांच्या नकळत, झालेली होती.

१९५४ पासून ख्रिस्ती मिशनरी या खोऱ्यात आले आणि १९५६ साली डच सरकारने वामेना येथे ठाणे वसविले. परंतु धर्माच्या अभ्यासकाने खरे पाहावे ते बालिएमच्या पश्चिमेकडील दानींकडे. त्यांच्यात ‘नाबेलान-काबेलान’ असा एक मंत्रवत् शब्द होता, ‘माझी कात, तुझी कात’. सर्पाचे हरवलेले अमरत्व एके दिवशी परत येईल, ही आशा त्यात साठलेली होती. मिशनऱ्यांनी अनंत जीवनाची वार्ता सांगितली आणि ऐकणाऱ्यांना वाटले, की कात परत आली! १९५० नंतरच्या दशकाच्या अखेरीस आणि पुढील थोड्या वर्षांत त्यांनी आपली पवित्र ताईत-चिन्हे आणि शस्त्रे मोठमोठ्या होळ्यांत स्वहस्ते जाळली. यात कोणी कोणाला फसविले, असे मी मानीत नाही. उपदेश करणाऱ्याने परलोक सांगितला, ऐकणाऱ्याने इहलोक ऐकला, आणि दोघांमध्ये जो शब्द होता तो दोघांनाही खराच होता. ज्याच्याजवळ आधीपासून प्रश्न नाही, त्याला कोणत्या धर्माचे उत्तर ऐकू आले असते?

त्या होळ्या विझल्यावरही माणसे मरतच राहिली, आणि तरीही बहुसंख्य लोक नव्या धर्मात राहिले. या ‘तरीही’चा उलगडा मला अजून झालेला नाही. माझे मन मात्र त्या प्रार्थनास्थळांपेक्षा जिविकेच्या अंगणाकडेच वळते. तो काळवंडलेला पूर्वज आता परगावच्या पाहुण्यांना दाखविण्यासाठी उजेडात आणून बसविला जातो. गुडघे छातीशी, मान किंचित मागे, मुख उघडे. त्याने कात टाकली नाही आणि तो उडूनही गेला नाही. पाहुणे गेले, की त्याला उचलून पुन्हा आत नेतात, कारण देह टिकायचा तर त्याला धूर लागत राहिला पाहिजे, आणि धूर हवा तर कोणीतरी चूल पेटती ठेवली पाहिजे.